कानावरची मोहरी

इरम्माच्या घरात सुनेनं मोठ्यानं ढेकर दिलेला चालत नव्हता. शिंक आली तर पदरात शिंकायची, जांभई आली तर भिंतीकडं तोंड करायचं, आणि बाकीच्या गोष्टींचं तर नावच काढायचं नाही. शिवकांता लग्न होऊन आली त्याच आठवड्यात जेवताना तिला एक ढेकर आला होता. तेव्हा इरम्मानं सगळ्यांच्या देखत, "म्हस वरडली का गं गोठ्यात?" असं विचारून तिला जन्माचा धडा दिला होता. अशी ही कडक बाई. आणि नशिबाचा खेळ बघा, त्याच बाईवर दवाखान्यात सुनेच्या खाटेशी बसून सुनेचं वारं कधी सरतंय याची देव पाण्यात घालून वाट बघायची पाळी आली.

हसू नका. ज्यानं पोटाचं ऑपरेशन जवळून पाहिलंय तो हसणार नाही. पोट उघडून परत शिवलं की आतली आतडी रुसून बसतात. ती जागी झाली की वारं सरतं, आणि वारं सरलं की माणूस वाचला म्हणून समजायचं. तोवर पाण्याचा थेंब नाही, नुसतं सलाईन. शिवकांताची आतडी काही जागी होईनात. पोट ढोलासारखं ताणलेलं, ओठांना भेगा, आणि ती बाई हूं की चूं न करता छताकडं बघत पडलेली.

हा दवाखाना साखर कारखान्याचा. सभासदांनी उसाच्या बिलातून वर्गणी देऊन बांधलेला, नळदुर्गाकडं जाणाऱ्या रस्त्याला. पण शहाऐंशीचा तो दुष्काळ असा की ऊस उभाच राहिला नाही, कारखान्याची चिमणी थंड, आणि दवाखान्यातलं ऑपरेशनसुद्धा पाण्याचा टँकर आला तरच व्हायचं. टँकर आला नाही तर डॉक्टरीणबाई हात धुणार कशानं? शिवकांताचं ऑपरेशन असं दोनदा पुढं ढकललं गेलं होतं.

आधीच तिनं ते अंगावर लई काढलं होतं. शिवकांता गावातल्या बायकांच्या दूध सोसायटीची चेअरमन. इतर ठिकाणी चेअरमन म्हटलं की खुर्ची आणि हार. हिच्या नशिबी दुधाचे कॅन उचलून डेअरीच्या गाडीत चढवणं, कुणाच्या दुधात पाणी आहे ते काचेच्या नळीत बघणं आणि मग त्या बाईच्या शिव्या खाणं. गर्भाच्या पिशवीत गाठ झालेली, अंगावरून जायचं थांबत नव्हतं, तोंड पांढरंफटक पडलेलं. तरी ही कॅन उचलतेच आहे. एक दिवस कॅनसकट खाली बसली, तेव्हा कुठं घरात कळलं. इरम्मा तर भडकलीच. "मला सांगाय काय झालं हुतं? मी काय मेले हुते?" असं ओरडली. शिवकांता सासूला अत्ती म्हणायची. ती हळूच म्हणाली, "अत्ती, असलं कसं सांगायचं तुमास्नी?"

असलं कसं सांगायचं! इरम्माच्या शिस्तीचं हे फळ होतं, आणि ते तिला तिथंच टोचलं. पण टोचलेलं कबूल करील ती इरम्मा कसली? तिनं मुलाला, बंडप्पाला, जनावरं छावणीत सोडून ताबडतोब जीप बघायला पिटाळलं.

ऑपरेशनच्या दिवशी पहिलं भांडण झालं ते गळ्यातल्या इष्टलिंगावरून. नर्सबाईंनी सांगितलं, मंगळसूत्र काढा, बांगड्या काढा, कानातलं काढा, गळ्यातलं काढा. बाकी सगळं इरम्मानं मुकाट्यानं काढून पदरात बांधलं. गळ्यातल्या चांदीच्या डबीला मात्र हात लावू देईना. "जिवात जीव हाय तवर लिंग अंगावेगळं व्हत न्हाय आमच्यात. तुमचं आपरेशन गेलं खड्ड्यात!" सगळा व्हरांडा गोळा झाला. आत डॉक्टरीणबाई हातमोजे घालून खोळंबलेल्या. तेव्हा ती नर्स, तारामती तिचं नाव, शांतपणे आत गेली, उकळून घेतलेल्या पट्टीचा तुकडा घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, अंगावेगळं न्हाय करत. गळ्यात नको एवढंच. दंडाला बांधते, तुमच्यासमोर." आणि तिनं ती डबी पट्टीत गुंडाळून शिवकांताच्या दंडाला अशी नीट बांधली, की इरम्माला बोट ठेवायला जागा राहिली नाही.

इरम्माला बरं वाटलं. तिनं कौतुकानं विचारलं, "तू आमच्यातलीच हाईस का गं?"

"न्हाय मावशी. आमी तेर गावचे. बौद्ध."

जात मोडली म्हणून बसवण्णांचं नाव घेणारी माणसं आपण, पण घागरीला कुणाचा हात लागला हे बघायची खोड काही गेलेली नाही. इरम्माच्या मनात काहीतरी येऊन गेलं, नाही असं नाही. पण सून स्ट्रेचरवर होती, आणि दंडावरची गाठ पक्की होती. तिनं नुसती मान हलवली.

तर ऑपरेशन झालं. गाठ कवठाएवढी निघाली. सगळं छान झालं म्हणून डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. आणि मग हे पोट फुगायला लागलं.

सकाळच्या राऊंडला डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावून ऐकलं, परत ऐकलं, आणि त्यांचं हसू मावळलं. त्या इरम्माला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आतडी हालत नाहीत अजून. संध्याकाळपर्यंत वाट बघू. तोवर वारं सरलं नाही तर मी इथं ठेवणार नाही. सोलापूरला न्यावं लागेल. कदाचित पोट परत उघडावं लागेल."

"परत?" इरम्मा म्हणाली.

असं फुगलेलं पोट तिनं पूर्वी एकदा पाहिलं होतं. बहात्तरचा दुष्काळ. तिची थोरली लेक महानंदा बाळंतपणाला माहेरी आलेली. लेकरू पोटातच गेलं होतं. ते सुटलं, आणि मग महानंदाचं पोट असंच चढत गेलं. अंगात फणफणून ताप. बैलगाडीत घालून नेली, पण बैलांना चारा नव्हता, त्यांच्या पायात त्राण नव्हतं, आणि पोर वाटेतच गेली. त्या लेकीचं नाव इरम्मा कधी काढत नसे. आता शिवकांताच्या चादरीवरून दिसणारा तो उंचवटा तिला बघवेना. ती उठली आणि बाहेर निघाली. शेजारच्या खाटेवरच्या केशरबाईला म्हणाली, "जरा हिच्याकडं बघा. टँकर आलाय, घागर भरून आणते." खरं तर तिला रडायचं होतं, आणि सुनेच्या देखत रडायचं नव्हतं.

ही केशरबाई परंड्याची, पुतण्याकडं आली आणि दुखणं निघालं म्हणून इथं दाखल झालेली. तोंडाची भलतीच मोकळी. दर थोड्या वेळानं आपल्या खाटेवरून ओरडायची, "पादलीस का गं शिवकांता?" आणि शिवकांता लाजून डोळे मिटायची.

इरम्मा रांगेत असताना तारामती वॉर्डात आली. तिच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं आणि कागदाच्या पुडीत मोहरी. झालं असं होतं, की मागल्या वर्षी पुण्याकडच्या एका शिबिराला जाऊन ती कान दाबायची विद्या शिकून आली होती. कानावर ठराविक जागी बी चिकटवायची आणि ती दाबायची, म्हणजे शरीरातला तो तो भाग चाळवतो. शिबिरात कसलं तरी परदेशी बी होतं. इथं आल्यावर तिनं राजगिरा लावून बघितला, तो बारीक पडला. ज्वारी मोठी पडली. मोहरी बरोबर बसली, गोल आणि टणक. पहिल्यांदा डॉक्टरीणबाई हसल्या होत्या. पण त्या डोक्यानं मोकळ्या बाई. दोन-चार बायकांची पोटं लवकर मोकळी झालेली बघितल्यावर म्हणाल्या, "अपाय तर काही नाही. माझं औषध चालू ठेव आणि तुझा कानही दाब." हिला औषध शोधायचा सोस, त्यांना पेशंट उठून बसायचा. दोघींचं छान जमलं होतं.

तारामतीनं शिवकांताचे दोन्ही कान ओल्या बोळ्यानं पुसले, चिकटपट्टीचे नखाएवढे तुकडे कातरले, प्रत्येकावर एक दाणा ठेवला आणि कानाच्या आतल्या वाटीत, वरच्या खळगीत असे चिकटवले. "अक्का, अधूनमधून हे दाबत राहा. दुखलं पाहिजे, पण कातडी सोलायची नाही," असं सांगितलं. शिवकांतानं मान हलवली. पण हातात बळ कुठं होतं? तारामतीला लेबर रूममधून हाक आली आणि ती धावत गेली. इकडं शिवकांताला ग्लानी आली.

घागर घेऊन इरम्मा परतली तेव्हा सून डोळे मिटून पडलेली, आणि कानाला, दोन्ही कानांना, पांढऱ्या पट्टीखाली काहीतरी टेंगळं. ती वाकली. पट्टीची कड उचलली. मोहरी!

"केशरबाई, हे कुणी केलं?"

"ती तेरची शिस्टर की. मोहरी लावून गेली कानाला. दृष्ट काढली असंल बाई. एवढी डेअरीची चेअरमन, लागली असंल कुणाची तरी."

दृष्ट काढली, इथवर ठीक. उलट त्या नर्सबद्दल इरम्माला मायाच वाटली, की दवाखान्यात राहूनसुद्धा पोरीला हे सुचलं. पण उतरवलेली मोहरी कुणी अंगावर ठेवतं का? दृष्ट काढायची, म्हणजे मीठ-मोहरी अंगावरून उतरवायची आणि त्या पावलीच चुलीत टाकायची. बाई गं! शिकलेली माणसं निम्मंच शिकतात. काढायचं ठाऊक, जाळायचं ठाऊक नाही!

आणि उतरवलेली मोहरी तशीच राहिली तर काय होतं, हे इरम्माइतकं कुणाला ठाऊक असणार? महानंदाची दृष्ट तिनंच काढली होती. मोहरी मुठीत होती तेवढ्यात लेकीनं किंकाळी फोडली, म्हणून इरम्मानं मूठ उशीखाली मोकळी केली आणि लेकीला धरलं. ती मोहरी तिथंच राहिली. तेरावं झाल्यावर अंथरूण झाडताना जावेच्या हाताला लागली. जाऊ म्हणाली, "जाळली न्हाईस व्हय गं? आता कळलं पोर का गेली ते." बोलून ती विसरलीसुद्धा. इरम्मा विसरली नाही.

तिनं एकेक पट्टी सोलून काढली. शिवकांता गुंगीत "अत्ती, राहू द्या" असं काहीतरी पुटपुटली, पण ऐकतंय कोण? दवाखान्याच्या मागं नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली होत्या. त्यातल्या एका चुलीत इरम्मानं पट्ट्यांसकट मोहरी टाकली. तडतड तडतड अशी उडाली, की भाकरी थापणारी बाई दचकली. "शिवा शिवा! केवढी लागली हुती," असं म्हणून इरम्मानं कपाळाला हात लावला आणि कित्येक तासांनी तिला मोकळा श्वास आला.

तारामती लेबर रूममधून परत आली, घामानं निथळत. शिवकांताचे कान बघितले आणि जागच्या जागी उभी राहिली. "अक्का, दाणे कुठं गेले?"

"म्या जाळले," इरम्मानं अभिमानानं सांगितलं. "तू काढलीस, लई चांगलं केलंस पोरी. पण जाळायचं राहिलं हुतं तुझं. तुमास्नी शिकवत न्हाईत वाटतं हे."

दुसरी एखादी असती तर तिनं वॉर्ड डोक्यावर घेतला असता. मला विचाराल तर मी घेतला असता. अर्धा दिवस वाया गेला होता, संध्याकाळ तोंडावर येत होती. पण त्या पोरीची जातकुळीच वेगळी, म्हणजे मनाची म्हणतोय मी. तिला आधी हसू आलं. ते तिनं ओठात दाबलं. मग तिनं इरम्माच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, आणि तिचं हसू गेलं. ती स्टूल ओढून बसली. "मावशी, मोहरी जाळायची राहिली तर काय होतं?"

असं कुणी इरम्माला विचारलंच नव्हतं कधी. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जे एवढ्या वर्षांत नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलाला सांगितलं नव्हतं, ते सगळं या परक्या पोरीपुढं भडाभडा बाहेर पडलं. महानंदा, उशी, मूठ, जाऊ, सगळं. "माझ्या हातनं लेक गेली गं. ह्या हातनं," असं म्हणून तिनं आपला उजवा हात पुढं केला.

तारामतीनं तो हात धरला. "ताप होता का तिला?"

"तव्यासारखी तापलेली."

"थंडी वाजत होती? पोटाला हात लावू देत होती?"

"कशाचं लावू देतीय! नुसतं वरून बोट लागलं तर वरडायची."

"मावशी, ऐका माझं. लेकरू पोटात गेलं, त्याचं विष अंगात पसरलं. त्याला इंजेक्शन लागतं, सलाईन लागतं, डॉक्टर लागतो. तेव्हा हा दवाखाना नव्हता. रस्ता धड नव्हता, बैलांत दम नव्हता. तुम्ही ती मोहरी जाळली असती तरी पोर गेली असती. माझी आईबी मोहरी उतरवते, नको म्हटलं तरी. पण मोहरीनं कुणी मरत न्हाय मावशी, आन् मोहरीनं कुणी वाचत बी न्हाय. तुमच्या हातनं काही चुकलं नव्हतं."

इरम्मा रडली. पदर तोंडाला न लावता, मोठ्यानं, सगळ्या वॉर्डापुढं रडली. खाटेवरून शिवकांतानं हात लांब केला आणि सासूच्या गुडघ्यावर ठेवला. महानंदाचं नाव या घरात का घेत नाहीत, ते तिला आज कळलं होतं.

"मग ही मोहरी कशापायी लावलीस?" शेवटी नाक पुसून इरम्मानं विचारलं.

"या, दाखवते." तारामतीनं शिवकांताचा कान हलकेच पुढं वळवला. "बघा. आईच्या पोटात लेकरू कसं असतं? डोकं खाली, पाय वर. कान तसाच हाय बघा. ही पाळी म्हणजे डोकं. ही बाहेरची कड म्हणजे पाठ. आन् ही मधली वाटी म्हणजे पोट. पोट दाबायचं तर पोटावर टाके. मग इथं दाबायचं."

इरम्मानं वाकून बघितलं. उभ्या जन्मात तिनं गावातल्या बायकांची बाळंतपणं केली होती, म्हशीची अडलेली रेडकं हात घालून वळवून काढली होती. कानात उलटं झोपलेलं लेकरू तिला तेव्हाच दिसलं. "अगं यव्वा! खरंच की गं," ती म्हणाली.

"दाणे मी परत लावते. पण दाबायचं काम आता तुमचं. अक्काच्या हातात बळ न्हाय. तुमच्या हातात हाय."

"ह्या हातानं?"

"ह्याच हातानं."

इरम्मा दाबायला बसली. आणि काय सांगू तुम्हाला, तो अंगठा होता का काय! चाळीस वर्षं म्हशींची धार काढलेला अंगठा. किती जोर लावला की जनावर पान्हा सोडतं आणि किती लावला की लाथ मारतं, ते त्याला न विचारता कळायचं. तारामतीनं एकदा दाखवलं, "इथं, असं, सोडायचं, परत," आणि इरम्मानं ते जन्मभर येत असल्यासारखं उचललं. एका कानावर इरम्मा, दुसऱ्या कानावर तारामती. मध्येच दोघींची बोटं एकमेकींना लागत होती. पण त्याकडं इरम्माचं आता ध्यानच नव्हतं.

"दुखतंय?" तारामती विचारायची.

"दुखतंय," शिवकांता म्हणायची.

"छान. दुखू दे."

मग तिला दोन्हीकडून धरून उभी केली. टाके धरून, पाय ओढत, व्हरांड्यातून चालवली. चालताना एका बाजूनं इरम्माचा अंगठा कानावर होताच. परत आणली, झोपवली, परत दाबलं. ऊन कलायला लागलं. बंडप्पा दारात येऊन उभा राहिला, खाली बघत म्हणाला, "जीप सांगून ठिवलीय." इरम्मानं त्याला नुसत्या नजरेनं बाहेर घालवलं.

आणि तेवढ्यात शिवकांताच्या पोटात गुरगुरलं. तिघींनी ऐकलं. केशरबाईनं तर चार हातांवरून ऐकलं. "आलं गं आलं!" ती ओरडली.

पण येईना. शिवकांताच्या कपाळावर घाम, दात ओठावर रोवलेले, पाय एकमेकांवर घट्ट. इरम्मा बघत राहिली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा! ही पोर धरून ठेवतेय! सासू उशाशी आहे म्हणून धरून ठेवतेय! म्हस ओरडली का म्हणून आपण विचारलं होतं, ती हिनं गाठ बांधून ठेवलीय. जीव चालला तरी सोडत नाही.

कुणालाही संताप यावा अशी गोष्ट, आणि इरम्माला आला तो स्वतःचा. ती सुनेच्या कानाशी वाकली. आयुष्यात जो शब्द तिनं घरात कुणाला उच्चारू दिला नव्हता, तो तिनं हात जोडून उच्चारला.

"पाद गं माझे बाई, पाद! सोड ती लाज. म्या शेण खाल्लं तुला बोलून. एक लेक गेली माझी, तू जाऊ नगंस. माझ्या तोंडावर पाद, पण पाद!"

शिवकांतानं डोळे उघडून सासूकडं बघितलं. तिला हसू आलं. इतक्या यातनेत, फुटक्या ओठांनी, तिला हसू आलं. आणि हसता हसता अंग सैल पडलं, आणि जे व्हायचं ते असं दणक्यात झालं, की दारातून बंडप्पानं दचकून आत डोकावलं.

काय सांगावं मग! केशरबाईनं टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातली बाळंतीण हसत सुटली. इरम्मा तर उठून उभी राहिली आणि व्हरांड्यात जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "सरलं! माझ्या सुनंचं वारं सरलं!" निवडून आल्यावर पुढारी सांगतात ना, त्या थाटात. बंडप्पा लाजेनं कडुनिंबाच्या झाडाआड गेला. पण तिथं तो डोळे पुसत होता.

डॉक्टरीणबाई आल्या. पोटाला नळी लावली, ऐकलं, परत ऐकलं. "बोलतायत आतडी. चमच्यानं पाणी द्या," म्हणाल्या. मग इरम्माच्या अंगठ्याकडं आणि सुनेच्या लालबुंद कानांकडं बघून हसल्या. "सलाईननं झालं, चालण्यानं झालं की कानानं झालं, मला भांडायचं नाही. झालं ना! तारामती, तू आज हिला उठवलीस."

"मी एका कानापुरती," तारामती म्हणाली. "दुसरा ह्यांचा."

पाण्याचा पहिला चमचा इरम्मानं पाजला. मग तारामतीनं तिच्यापुढं चहाचा कप धरला. सकाळपासून बाईच्या पोटात काही नव्हतं. इरम्मानं कप घेतला, बशीत ओतला आणि फुर्र करून प्याली. "साखर कमी हाय," एवढंच म्हणाली. कारखान्याच्या दवाखान्यात साखर कमी, हे तिला अजिबात पटलं नव्हतं.

पुढं टाके निघाले, घरी जायचा दिवस आला. दंडाची पट्टी केव्हाच सुटून डबी परत गळ्यात आली होती. तारामतीनं शेवटचं म्हणून शिवकांताच्या कानावरचे दाणे काढले. काढले आणि ते तळहातावर धरून ती थांबली. हसली नाही, चिडवलं नाही. इरम्मापुढं हात करून तिनं सरळ विचारलं, "मावशी, ह्याचं काय करू? चुलीत टाकायचं तर टाकून येते मी."

इरम्मानं त्या दाण्यांकडं बघितलं. बाहेर बंडप्पा जीपचा हॉर्न वाजवत होता. शिवकांता सासूच्या खांद्याला धरून उभी होती.

"टाक केरात," इरम्मा म्हणाली. "मोहरीच हाय ती."